आईची अकरा गाणी : घरच्या लॅपटॉपवर रेकॉर्डिंग आणि संगीत संयोजन

तिसरामजला :

मंडळी, जरा सविस्तर लिहितो. नेमकं कुठे अडलोय ते थोडक्यात सांगता येत नाहीये.

माझी आई ७१ वर्षांची आहे. चाळीस वर्षं भजनी मंडळात गातेय. तिच्या एका जुन्या वहीत तिने स्वतः रचलेली अकरा गाणी आहेत. शब्द वहीत आहेत, चाली मात्र फक्त तिच्या गळ्यात. गेल्या दिवाळीत त्यातल्या एका गाण्याच्या अंतऱ्याची चाल तिला आठवेना. दोन दिवस स्वयंपाक करता करता ती गुणगुणत राहिली, वेगवेगळ्या तऱ्हांनी म्हणून पाहिली, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "गेली रे ती." तेव्हाच ठरवलं, उरलेली दहा नीट रेकॉर्ड करायची. नुसती मोबाईलवर धरून ठेवायची नाहीत, साथसंगतीसह गाणं म्हणून उभी करायची.

सामान असं : ८ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप, दोन इनपुटांचा ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माइक, कान पूर्ण झाकणारा हेडफोन. सॉफ्टवेअर रीपर. बाबांची पेटी आहे. ते आता नाहीत, मी साथीपुरती वाजवतो. तबला मावसभाऊ वाजवणार. तो कोल्हापुरात असतो, तिकडूनच फाइल पाठवेल.

पहिलं गाणं दादऱ्यात (सहा मात्रांचा ताल) आहे, चाल भूप रागाच्या अंगाने जाते. आई काळी चारमध्ये गाते, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा तिचा सा.

पहिली अडचण क्लिकची. सगळीकडे सांगतात की आधी टेम्पो ठरवा, क्लिकवर गा, म्हणजे पुढचं सगळं सोपं. पण कानात टिकटिक सुरू झाली की आईचा आवाज आखडतो. मुखड्याच्या शेवटी ती एक क्षण थांबून समेवर येते ना, तो थांबाच नाहीसा होतो. चार टेक झाले, चारही लयीत बिनचूक आणि चारही निर्जीव.

दुसरी, आमचं घर रस्त्यावर आहे. माइक रिक्षाही टिपतो आणि शेजारच्यांच्या कुकरची शिट्टीही. तिसरी मला कळतच नाहीये : सॉफ्टवेअरमधली बासरी पेटीबरोबर वाजवली की कानाला बोचतं. दोन्हीकडे काळी चारच वाजवतोय.

कुठून सुरुवात करू?

शून्यडेसिबल :

क्लिक बंद करा. मी वीस वर्षं स्टुडिओत रेकॉर्डिंग करतोय आणि क्लिकचे फायदे मला नीट माहीत आहेत, तरी सांगतो. वादकांचा ताफा वेगवेगळ्या दिवशी वाजवणार असेल तर क्लिकला पर्याय नसतो. तुमच्याकडे एक गाणारी आहे, आणि गाणं तिचं आहे. तिची लय धरून बाकीच्यांनी वाजवायचं.

आईंना हेडफोनमध्ये फक्त तंबोरा द्या. उजवा कान उघडा ठेवू द्या म्हणजे स्वतःचा आवाज खोलीत ऐकू येईल. जुन्या गायकांना दोन्ही कान झाकले की सूर सापडत नाही. मात्र उघड्या कानाकडचा हेडफोनचा आवाज सॉफ्टवेअरमधूनच बंद करा, नाहीतर तंबोरा माइकमध्ये शिरेल. मग अख्खं गाणं सलग गाऊ द्या. ओळ-ओळ तोडू नका. तीन टेक घ्या आणि थांबा. त्या वयात चौथ्या टेकला आवाज थकतो.

पुढचं काम तुमचं. प्रोजेक्टमध्ये ताल ६/८ लावा, म्हणजे बारची रेघ समेवर येते. ट्रॅकचा टाइमबेस आधी "टाइम" करा. हे विसरलात तर टेम्पो बदलताना आवाजाचा तुकडाच जागचा हलतो. मग गाणं ऐकत दोन समांमधला भाग निवडायचा आणि त्या निवडीवरून मेझर, म्हणजे एक आवर्तन, तयार करायचं, असं पुढे पुढे जायचं. चार मिनिटांच्या दादऱ्यात साधारण शंभर आवर्तनं होतात. प्रत्येक सम धरायची गरज नाही, जिथे लय हलते तिथे धरा. दोन संध्याकाळी लागतील. त्यानंतर सॉफ्टवेअरची जाळी आईंच्या लयीवर बसलेली असेल आणि क्लिक वाजवलात तर तो त्यांच्याबरोबर थांबेल.

लेव्हल : २४ बिट ठेवा आणि सर्वांत वरची उसळी −१२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. मीटर भरलेला दिसला पाहिजे हा समज १६ बिटचा आहे. १६ बिटमध्ये सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो, २४ बिटमध्ये कागदावर १४४. मोकळी जागा भरपूर आहे. टीपेला आवाज फुटला तर तो टेक परत मिळत नाही.

गोधडी :

तुमच्या आईंना नमस्कार सांगा. अकरातलं एक गेलं हे वाचून गलबलून आलं.

आवाजाचं सांगते. मी नागपुरात घरूनच बालकथा रेकॉर्ड करते, रस्त्याला लागून दुसरा मजला. कंडेन्सर माइक फार लांबचं ऐकतो. मीही आधी तोच घेतला होता. नंतर साधा डायनॅमिक माइक आणला, स्टेजवर गायक हातात धरतात तसला, आणि रस्ता निम्म्याने कमी झाला. त्याला जवळून गावं लागतं, तोंडापासून वीतभर. नाकासमोर धरू नका, किंचित बाजूला तिरका ठेवा. प, फ, भ चा फटका बसत नाही. फार जवळ गेलं तर खर्ज फुगतो, तेवढं अंतर सांभाळा.

खोलीसाठी काही विकत आणू नका. कपडे वाळत घालायचा स्टँड गाणाऱ्याच्या पाठीमागे उभा करा आणि त्यावर दोन जाड गोधड्या टाका. माइक तोंडाकडून येणारं ऐकतो आणि त्याच दिशेने मागच्या भिंतीवरून परतणारंही ऐकतो, म्हणून गोधडी पाठीमागे हवी. माइकमागे लावलेल्या स्पंजच्या कमानीचा मला तरी तेवढा उपयोग झाला नाही. पॉप फिल्टर म्हणून कशिद्याच्या रिंगवर जुनी नायलॉनची ओढणी ताणून बसवलीय, सहा वर्षं चाललीय.

पंखा बंद, फ्रिज बंद, आणि लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर. माझ्याकडे चार्जर लावला की खालून पन्नास हर्ट्झची घरघर येते. वेळ पहाटेची घ्या, पाण्याच्या पंपाच्या आधी.

लिफीकाठ :

+१, गोधड्यांना. डब्लिनमध्ये आमच्याकडे थंडीचे कोट भरलेलं कपाट आहे, मी त्याच्या उघड्या दारात उभी राहून गाते.

एक राहिलं. आईंना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये द्यायचा असेल तर तो सॉफ्टवेअरमधून फिरवून देऊ नका. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला बफर (संगणक एका वेळी साठवून घेतो ते नमुने) १०२४ असेल तर एका बाजूचा उशीर २३ मिलिसेकंदांचा, जाऊन-येऊन त्याच्या दुप्पट. स्वतःचाच आवाज मागून येतो आणि गाणारा आपोआप संथ होतो. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं, ते वापरा. आणि ड्रायव्हर आसिओचा (ASIO, कमी उशिराचा) लावा, विंडोजचा नेहमीचा नको. पेटी वाजवताना सॉफ्टवेअरमधली वाद्यं ऐकायची असतील तर बफर १२८ वर आणा. मग उशीर ३ मिलिसेकंदांच्या आत येतो. हवेतून आवाजाला एक मीटर यायला जवळपास तेवढाच वेळ लागतो, म्हणजे तबलजी हाताच्या अंतरावर बसल्यासारखं.

तंबोरी :

तुमच्या तिसऱ्या अडचणीवर लिहितो. मी मिरजेचा, घरात तंबोऱ्याचं काम आहे, त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा.

बासरीचा दोष नाही, पेटीचाही नाही. दोघांचा सा वेगळा आहे. सॉफ्टवेअरमधली वाद्यं सहसा ४४० च्या मापाने (पांढरी सहा म्हणजे ४४० हर्ट्झ) लावलेली असतात, त्या हिशोबाने काळी चार म्हणजे २०७.६५ हर्ट्झ. जुन्या पेट्या ज्या कारागिराने लावल्या त्याच्या कानाच्या मापावर असतात, आणि वर्षानुवर्षांत स्वर थोडे सरकतातही. पेटीचा सा रेकॉर्ड करा आणि ट्यूनरवर पाहा, किती सेंट वर किंवा खाली दाखवतोय (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). तेवढेच सेंट बासरी, तंबोरा आणि जे जे संगणकातून वाजणार ते सगळं सरकवा. कृपा करून उलटं करू नका. बाबांची पेटी ४४० ला आणायला तिच्या रीड खरवडू नका.

आता दुसरी गोष्ट, आणि ही नीट वाचा, कारण चाल भूपाची आहे आणि भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार. खर्जाची तार छेडली की तिच्यातून गंधार आपोआप उमटतो, त्याला आम्ही स्वयंभू गंधार म्हणतो. तो तारेचा पाचवा अंश. तुमच्या सुरात खर्ज १०३.८, म्हणजे हा गंधार ५१९ च्या जवळ. पेटीवरचा तोच गंधार ५२३ च्या वर, कारण पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. फरक १४ सेंट. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला चार डोल ऐकू येतात. तुम्हाला बोचतंय त्यात याचाही वाटा असेल. म्हणून पेटीवर गंधार लांबवू नका, आईच्या गंधाराला तंबोऱ्यावर एकटं टेकू द्या. आई तंबोऱ्याच्या गंधारावरच थांबत असणार. चाळीस वर्षं गाणाऱ्या बाईचा कान तिकडेच जातो.

तिसरामजला :

तंबोरी, तुमचा प्रतिसाद वाचून उठलो आणि पेटी काढली. सा १८ सेंट वर आहे! २०९.८. म्हणजे बाबा इतकी वर्षं जो सा धरून बसायचे तो हा. तंबोरा आणि बासरी दोन्ही १८ सेंट वर नेले आणि बोच निम्मी गेली. मुखड्यातला लांब गंधार पेटीतून काढला, उरलेलीही गेली.

रविवारी पहाटे साडेचारला आईला उठवायची गरज पडली नाही, तीच तयार होऊन बसली होती. गोधड्यांचा आडोसा केला, गोधडीताई, त्यातली एक आजीने शिवलेली. शून्यडेसिबल यांनी सांगितल्याप्रमाणे एक कान उघडा आणि फक्त तंबोरा. तिने डोळे मिटले आणि पहिल्याच टेकला सबंध गाणं म्हटलं. तो थांबा परत आला. सुरुवातीला मिनिटाला १४८ मात्रा होत्या, शेवटच्या कडव्यात १५६. ही वाढ चूक वाटत नाही, तिथे शब्दच पुढे धावतात.

समा धरायला मला तीन संध्याकाळी लागल्या. अडतीस ठिकाणी खूण करावी लागली.

डग्ग्याचीगमक :

फार चांगलं चाललंय. तबल्याबद्दल एक विचारतो. भावाचा तबला कशात लावलेला आहे? काळी चारच्या सा मध्ये लावायला लहान तोंडाची टिपरी लागते. साधा तबला असेल तर पंचमात, म्हणजे काळी दोनमध्ये लावायला सांगा. मध्यमात नको, भूपाला मध्यम वर्ज्य.

तबला नुसता टकटक करणारं वाद्य नाही, त्याला स्वर आहे. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली "नेचर"मध्ये यावर लिहिलं होतं : शाईच्या वजनामुळे पुडीचे वरचे अंश एकमेकांशी सुरेल नात्यात येतात. शाई नसलेल्या साध्या ढोलांचं तसं होत नाही. म्हणून बेसूर तबला गाण्याला लगेच लागतो. भावाला सांगा, पेटीचा सा पाठवतो त्यावरच लाव, मोबाईलमधल्या ट्यूनरवर नको. ते १८ सेंट विसरले जातील.

तिसरामजला :

काळी दोनमध्येच लावला, पेटीचा पंचम ऐकवून. त्याला आईचा आवाज आणि तंबोरा अशी गाइड फाइल पाठवली होती. काल त्याची फाइल आली आणि मी हबकलोय.

सुरुवातीची टाळी आईच्या टाळीशी जुळवली. पहिली दोन आवर्तनं बरी वाटतात, मग तबला मागे पडायला लागतो आणि शेवटी तर पार वेगळीकडे. आईचं गाणं टाळीपासून शेवटच्या समेपर्यंत ४ मिनिटांचं, तबल्याचं तेच अंतर ४ मिनिटं २१ सेकंद. आणि सूर उतरलेला. काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधे कुठेतरी. भाऊ शपथेवर सांगतो की त्याने पेटीवर लावूनच वाजवलं, आणि तो पंचवीस वर्षं वाजवतोय, त्याच्यावर माझा विश्वास आहे. आवर्तन-आवर्तन कापून जुळवायला बसलो, दहा कापली आणि सोडून दिलं. तबल्याचा नाद कुबट येतोय.

डग्ग्याचीगमक :

लय आणि सूर दोन्ही एकत्र उतरले असतील तर हाताची चूक नाही. हातामुळे लय जाईल, सूर जाणार नाही. तबल्याची चाट (पुडीची कड) गाणं सुरू असताना दीड पट्टी उतरत नसते.

शून्यडेसिबल :

बरोबर. आणि आकडाच सांगतोय काय झालं ते. २६१ सेकंद भागिले २४० म्हणजे १.०८८. आता ४८,००० ला ४४,१०० ने भागा. तोच आकडा.

भावाला दोन गोष्टी विचारा. इंटरफेस ४८,००० वर होता का? आणि गाइड त्याने वेगळ्या यंत्रावर ऐकलं का?

तिसरामजला :

दोन्हीला हो! गाइड मोबाईलवर, इअरफोन लावून. लॅपटॉपवर फक्त रेकॉर्डिंग. इंटरफेस आधीच्या एका व्हिडिओच्या कामासाठी ४८,००० वर ठेवलेला.

शून्यडेसिबल :

मग झालं. यंत्राने सेकंदाला ४८,००० नमुने घेतले, फाइलवर शिक्का बसला ४४,१०० चा. वाजवताना तेच नमुने सावकाश वाजतात, त्यामुळे लय खाली आणि सूरही पेटीच्या सुमारे दीड पट्टीने खाली. त्याने गाइड त्याच लॅपटॉपवर ऐकलं असतं तर वाजवायला बसल्या बसल्याच कळलं असतं, कारण तुमच्या आईंचा आवाज त्याला चढलेला आणि घाईचा ऐकू आला असता.

कापलेलं सगळं फेकून द्या, मूळ फाइल घ्या. आयटमच्या प्रॉपर्टीजमध्ये प्लेबॅक रेट १.०८८४४ घाला आणि "प्रिझर्व्ह पिच"ची खूण काढा. ती खूण राहिली तर लय येईल, सूर येणार नाही. दोन यंत्रांची घड्याळं अगदी सारखी नसतात, म्हणून शेवटाकडे केसभर फरक राहील. तो तीन-चार समांना हाताने सरकवून घ्या.

यापुढे सगळ्यांना एकच सांगायचं : ४८,०००, २४ बिट, वेव्ह फाइल, शून्यापासून सुरू, सुरुवातीला टाळी. व्हॉट्सअॅपवर नुसती पाठवू नका, ड्राइव्हवर टाका.

तिसरामजला :

बसला. शून्यडेसिबल, बसला! काळी दोन परत आली. भावाला फोनवर ऐकवलं, तो दोन मिनिटं काही बोललाच नाही. त्याला वाटत होतं आता हात राहिला नाही.

आईच्या थांब्यावर त्याने "धा" उशिरा, अगदी तिच्याबरोबर टाकलाय. ते ऐकून तिने मान हलवली.

आता संयोजनाचा प्रश्न. दोन अंतऱ्यांमध्ये काय भरू? मुखड्याखाली कॉर्ड टाकून पाहिल्या, भरगच्च वाटतं पण कुठेतरी गाणं बदलतं.

तंबोरी :

कॉर्ड नकोतच. तंबोरा आहे, पेटी आहे, बास.

मांडवी :

मी पणजीची, लहानपणापासून चर्चच्या कॉयरमध्ये गायलेय, त्यामुळे तंबोरींशी थोडं असहमत आहे. गोव्यातल्या पॅरिश शाळांमधून आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या नोटेशन आणि हार्मनी शिकवली गेली. तिथूनच सेबॅस्टियन डिसोझांसारखे अॅरेंजर मुंबईत गेले, शंकर-जयकिशनच्या चालींना त्यांनी व्हायोलिनांचे ताफे बांधले. रागाच्या चालीखाली हार्मनी बसू शकते. पण कुठली बसते ते बघावं लागतं.

तुम्ही बहुतेक नेहमीच्या तीन कॉर्ड टाकल्या असतील. सा वरची चालते : सा-ग-प. म वरच्या कॉर्डमध्ये मध्यम आलाच, प वरच्या कॉर्डमध्ये निषाद. दोन्ही भूपात नाहीत. म्हणून तुम्हाला गाणं बदलल्यासारखं वाटतं, कारण ते खरंच बदलतं. उरते ती सा वरची आणि ध वरची : ध-सा-ग. एवढ्या दोनच. गिटारवर झोडू नका, व्हायोलिनांच्या हलक्या सुरावटीत द्या, तीही फक्त दुसऱ्या अंतऱ्याआधी. आणि तंबोरींचा गंधार लक्षात ठेवा : दोन्ही कॉर्डमध्ये ग आहे. व्हायोलिनचा ग ट्रॅक वेगळा करून १४ सेंट खाली आणा. संगणकात हे पेटीपेक्षा सोपं आहे, एका घुंडीचं काम.

तंबोरी :

मांडवीताई, गंधार खाली आणणार असाल तर माझी हरकत संपली.

गोधडी :

मला संगीतातलं शास्त्र कळत नाही, पण आई भजनी मंडळातल्या आहेत तर मंडळ कुठाय? मागून झील धरायला दोघी-तिघी बोलवा की.

तिसरामजला :

गोधडीताई, हे मला सुचलंच नव्हतं. शनिवारी तिघी आल्या, सोबत टाळ घेऊन. एकच माइक मधे ठेवला, तिघी अर्धवर्तुळात बसल्या आणि हेडफोनवर आईचं गाणं ऐकत मुखडा झेलला. दोनदा घेतला. दुसऱ्या वेळी जागा बदलून बसवलं, म्हणजे सहाजणी वाटतात. टाळ वेगळा घेतला, माइकपासून तीन हात लांब. जवळ घेतला तेव्हा सगळ्यांवर चढून बसत होता.

मांडवीताई, व्हायोलिनं तुम्ही म्हणालात तेवढीच ठेवलीत, आठ आवर्तनं. बासरीला आईच्या ओळी चालू असताना गप्प केलं, ती फक्त ओळीच्या शेवटच्या रिकाम्या जागेत येते.

लिफीकाठ :

ऐकायची फार उत्सुकता आहे. सूर दुरुस्त करणारं काही लावलंय का आवाजावर?

तिसरामजला :

लावून पाहिलं. दोनच ठिकाणी तिचा वरचा सा थोडा उतरलाय. सगळ्या गाण्यावर आपोआप चालू ठेवलं तर वरच्या सा वरून ध वर ती जी मींड घेते (सलग घसरत येते) तिच्या पायऱ्या झाल्या. लगेच काढलं.

शून्यडेसिबल :

हे प्लगइन पेटीसारखे बारा खण धरून चालतं, खणांमधलं सगळं त्याला चूक वाटतं. मींड म्हणजे खणांमधलंच. त्या दोन सा पैकी एक दुसऱ्या टेकमधून घ्या, दुसरा तसाच राहू द्या.

मिक्ससाठी थोडं. आवाजावर ८० हर्ट्झच्या खालचं कापा, आईंच्या आवाजात तिथे काही नाही, फक्त रस्त्याची गुरगुर आहे. डग्ग्यावर मात्र हे करू नका, त्याचा गमक तिथेच राहतो. ३०० च्या आसपास आवाज कोंदट वाटला तर दोन-तीन डेसिबल कमी करा. कॉम्प्रेसर २:१, तोही ऐकू येणार नाही इतका. रिव्हर्ब वेगळ्या ट्रॅकवर ठेवून सगळ्यांना त्यातलाच थोडा थोडा पाठवा, म्हणजे कोल्हापूरचा तबला आणि तुमची खोली एका जागी बसल्यासारखी वाटेल. दगडी देवळाच्या सभामंडपाएवढा, सव्वा-दीड सेकंद. मोठ्या हॉलचा लावलात तर शब्द वाहून जातील. लाउडनेससाठी ओढाताण करू नका. स्पॉटिफाय गाणी साधारण −१४ लफ्सच्या (लाउडनेसचं माप) पातळीला आणतं, जास्त दाबून पाठवलंत तरी ते खालीच आणतं.

आणि मिक्स आईंच्या मोबाईलच्या स्पीकरवर ऐकून बघा. त्यांच्या मैत्रिणी तिथेच ऐकणार.

डग्ग्याचीगमक :

प्रोजेक्टचं फोल्डर दोन ठिकाणी ठेवा. एक घराबाहेर.

तिसरामजला :

ठेवलं. एक हार्ड डिस्क बहिणीकडे सोलापूरला पाठवली. मिक्सबरोबर प्रत्येक गाण्याचा नुसता आवाज आणि तंबोरा असा वेगळा ट्रॅकही ठेवतोय, पुढे कुणाला चाल शिकायची असेल तर.

काल रात्री आईला मिक्स ऐकवला, तिच्याच मोबाईलवर. गाणं संपल्यावर तिने वही मागितली, पान काढलं आणि दुसऱ्या अंतऱ्याच्या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे "अंगणी" लिहिलंय, तिने "दारात" म्हटलंय. माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. म्हणाली, ती ओळ परत घेऊ. मी म्हटलं, फक्त तेवढी ओळ घेतो, जोडता येईल. तर म्हणाली, "नाही, मुखड्यापासून म्हणते, मधेच कसं धरू."

रविवारी पहाटे साडेचारला पुन्हा बसतोय. भावाला कळवलंय, तबला आधी आलेलाच राहील का ते लय कशी येते त्यावर ठरेल. त्या दिवशी दुसरं गाणंही घ्यायचं म्हणतेय. रूपकात आहे, सात मात्रा, आणि सम "खाली"च्या जागी, जिथे टाळी नसते. टाइम सिग्नेचर ७/८ लावू की ७/४?